डोक्यातलं पोतं

कळमन्याच्या मिरची यार्डात सगळेच खोकतात. तिथं खोकला म्हणजे हजेरी. मार्च २०२० मध्ये मात्र एकाला ठसका लागला की दहा माणसं दहा दिशांना पळायची. आदल्या दिवसापर्यंत एकाच पन्नीतला खर्रा खाणारी माणसं. मी तेव्हा बावीसचा. मॅट्रिक पास, कविता लिहिणारा, आणि कळमना स्टेशनच्या मालधक्क्यावर पोती वाहणारा.

देश घरात बसला. प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या थांबल्या नाहीत. एप्रिल २०२० पासून सरकारनं माणशी ५ किलो फुकट धान्य वाटलं, ते आभाळातून पडलं नाही. कुणाच्या तरी पाठीवरून उतरलं. वर्तमानपत्रं तेव्हा मन कसं सांभाळावं ते शिकवत होती. योगा करा, छंद जोपासा, कुटुंबाला वेळ द्या. आमच्या खोलीत सात माणसं. वेळच वेळ होता, जागा नव्हती. धक्क्यावरून आलो की माय दारातच कपडे काढायला लावायची आणि मी पहाटेपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचो. आजाला दमा. त्याला माझ्यापासून लागलं तर? पोतं निदान थप्पीवर टाकता येतं. हे कुठं टाकायचं?

आणि जिथं आपण मोकळे होतो ती गर्दीच बंद. १४ एप्रिल घरात. त्या वर्षी दीक्षाभूमीही रिकामी. लाखो माणसांत उभं राहून छाती भरून घेणारी आपली जात, ती चार भिंतीत कोंडली.

आता खरी गोष्ट. माझा एक जोडीदार आहे. नाव लिहीत नाही. पोत्याचं एक टोक त्याचं, एक माझं. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात बेड मिळत नव्हते, घाटांवर रांगा होत्या. त्याचा मोठा भाऊ त्या लाटेत गेला. तोंडही पाहायला मिळालं नाही. त्यानंतर याची झोप उडाली. "डोळे मिटले का वाघीण दिसते बे. खालीच होत नाई," म्हणायचा. जेवण सुटलं, देशी वाढली. मी काय केलं? पाठीवर थाप मारली. "भीमाचा वाघ हायेस, रडतो काहून?" त्याच आठवड्यात मी कोरोनावर लांबलचक कविता लिहीत होतो, व्यवस्थेला आईमाईवरून शिव्या देणारी. फोनवर दोस्तांना ऐकवली, वाहवा झाली. इकडं दुसरं टोक केव्हाच सुटलं होतं. एका रात्री त्याच्या मायनं आमचं दार वाजवलं. तो वाचला. यापुढचं लिहीत नाही.

सकाळी म्हटलं, मनोरुग्णालयात चल. तो हात जोडायला लागला. "तिकडं नोको नेऊ. लोक काय म्हनतीन?" नागपुरात त्या चौकाचं नावच पागलखाना चौक. ऑटोवाल्याला पत्ता सांगतानाच माणूस अर्धा मरतो.

दोस्तांनो, सरकारशी भांडण आहेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांगतो, २०१९ मध्ये देशात ३२,५६३ रोजमजुरांनी आत्महत्या केली. २०२१ मध्ये ४२,००४. त्या वर्षीच्या एकूण १,६४,०३३ आत्महत्यांमध्ये चौघांत एक रोजमजूर. सगळे कोरोनापायीच गेले असं मी म्हणत नाही. पण कोरोना निघाल्यापासून ३० दिवसांत कुणी जीव दिला तर घरच्यांना ५०,००० रुपये, हे सुप्रीम कोर्टात २०२१ मध्ये मान्य झालं. ठीक झालं. ज्याला कोरोना झालाच नाही, भाऊ गेला, काम गेलं, सावकार दारात आला, त्याच्यासाठी रकाना नाही.

तरी माझं मोठं भांडण आपल्याशीच आहे. आपण रेशनसाठी मोर्चा काढतो, जागेसाठी काढतो. मन म्हटलं की आपल्याला ते धरमपेठी फॅड वाटतं. बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मन बुद्धाच्या शिकवणीच्या केंद्रस्थानी आहे. घराघरात तो ग्रंथ फोटोखाली ठेवलाय. वाघानं रडायचं नाही हे त्यात कुठं लिहिलंय? ते आपण ठरवलं, मीही ठरवलं. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क केला. जीव द्यायला निघालेल्याला गुन्हेगार नाही, प्रचंड ताणाखालचा माणूस धरायचं, असंही तो कायदा म्हणतो. आपल्या अभ्यासवर्गात हा कायदा मी कधी ऐकला नाही. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे. जयंतीच्या बॅनरवर नेत्यांचे वीस फोटो मावतात, हे पाच आकडे मावणार नाहीत?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आणीबाणी संपली म्हणून सांगितलं. जोडीदाराच्या गोळ्या चालू आहेत. ओपीडीच्या दिवशी मी सोबत जातो, दोघांचीही रोजी बुडते. झोप येते आता त्याला. पोतंही उचलतो, पहिल्यासारखं नाही पण उचलतो.

परवा धक्क्यावर एका पोरानं त्याला 'मेंटल' म्हणून हाक मारली. मी पोतं टाकलं आणि त्या पोराची कॉलर धरली. जोडीदारानं माझा हात ओढला.

"सोड बे. थो बी रातभर झोपत नाई."