विश्लेषण : मुंबईत मुक्काम करायचाय? खोलीच्या भाड्याआधी लोकलची लाइन बघा

मुंबईत दोन-चार दिवसांच्या कामासाठी येणारे बहुतेक जण आधी मोबाइलवर स्वस्त खोली शोधतात आणि मग तिथून कामाच्या ठिकाणी कसे जायचे, ते पाहतात. हा क्रम उलटा आहे. गाडी किती वेळा बदलावी लागते आणि गर्दी कोणत्या दिशेला वाहते, यावर इथले अंतर ठरते. खोलीच्या भाड्यात वाचलेले पाचशे रुपये टॅक्सीत जातात. सोबत आजारी माणूस असेल, तर त्याची उरलीसुरली ताकदही प्रवासातच जाते.

लाइन का महत्त्वाची?

पश्चिम, मध्य आणि हार्बर या लोकलच्या तीन मुख्य लाइन. एकाच लाइनवर लांबचा प्रवास सोपा, पण एकीवरून दुसरीकडे जाणे कष्टाचे. नकाशावर बोरिवली आणि मुलुंड शेजारी दिसतात. प्रत्यक्षात मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. लोकलने जायचे तर दादरला येऊन गाडी बदलून पुन्हा वर जावे लागते.

सकाळी लोंढा दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीच्या दिशेने असतो, संध्याकाळी उलट. त्यामुळे दक्षिण मुंबईत सकाळी दहाला काम असेल, तर बोरिवली किंवा डोंबिवलीचा स्वस्त मुक्काम नवख्या माणसाला महागात पडतो.

कोणत्या कामाला कोणता भाग?

टाटा, केईएम, वाडिया : ही रुग्णालये परळला आहेत. दादर, परळ, लालबाग हा पट्टा सोयीचा. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन्ही लाइन मिळतात. नागपूर, नाशिक, पुण्याकडून येणाऱ्या अनेक गाड्याही तिथे थांबतात. मात्र, टाटाचे दुसरे केंद्र खारघरला आहे. परळहून तिथे जायला कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर पकडावी लागते. म्हणून अपॉइंटमेंटच्या कागदावर कोणते केंद्र लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय खोली ठरवू नये.

मंत्रालय, उच्च न्यायालय : फोर्ट परवडत नसेल, तर ग्रँट रोड किंवा मुंबई सेंट्रल परिसर पाहावा. नाव 'सेंट्रल' असले तरी हे स्टेशन पश्चिम रेल्वेवर आहे आणि चर्चगेट तिथून चौथे स्टेशन.

बीकेसी : अमेरिकेचा वाणिज्य दूतावास इथे आहे. व्हिसाच्या मुलाखतीला येणारे अनेकदा 'वांद्रे' पाहून खोली घेतात आणि वांद्रे पश्चिमेला अडकतात. त्यापेक्षा कुर्ला पश्चिम किंवा सांताक्रूझ पूर्व बरे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्याने अंधेरी पूर्वेतील मरोळ नाक्याहूनही बीकेसीला गाडी न बदलता पोहोचता येते.

आणखी काय बघावे?

पूर्व की पश्चिम, हे पत्त्यात पाहिलेच पाहिजे. स्टेशनच्या चुकीच्या बाजूला उतरले की सामानासह पूल चढणे आले. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत. तिथे बस किंवा टॅक्सीचाच हिशेब करावा. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे स्टेशन वेगळे, तसेच लोकमान्य टिळक टर्मिनस आणि कुर्ला स्टेशनही वेगळे.

ज्यांना निवडच नाही, त्यांचे काय?

जवळची खोली घ्या, हा सल्ला पैसे असलेल्यालाच पाळता येतो. परळमध्ये उपचारासाठी आलेल्या गरीब कुटुंबांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि काही संस्था आधार देतात. पण जागा पुरत नाही आणि टाटाबाहेरच्या फुटपाथवर आजही रुग्ण झोपतात. राज्यभरातील रुग्णांना उपचारासाठी परळलाच यावे लागत असेल, तर त्यांच्या निवाऱ्याची सोयही उपचाराचाच भाग मानली पाहिजे. निदान अपॉइंटमेंट देतानाच जवळच्या धर्मशाळांची यादी आणि रिकाम्या जागांची माहिती रुग्णाच्या मोबाइलवर पाठवणे सरकार आणि महापालिकेला अवघड नाही. गावाहून निघण्याआधी ही माहिती हाती आली, तर स्टेशनवर उतरल्यावर एजंटच्या मागे जाण्याची वेळ अनेकांवर येणार नाही.