तिसऱ्या नंबरचं खातं

मंत्र्यांची खाती वाचताना माजी सैनिक कल्याण हे नाव बहुतेक वेळा शेवटी येतं. दादा भुसे २०१९ च्या सरकारात कृषिमंत्री होते, हे आपल्याला आठवतं. माजी सैनिक कल्याणही त्यांच्याकडेच होतं, हे कितीजणांना ठाऊक आहे? डिसेंबर २०२४ मध्ये हे खातं शंभूराज देसाईंना मिळालं, तेही पर्यटन आणि खनिकर्म यांच्या मागे.

देसाईंची कारकीर्द तशी दमदार. आजोबा बाळासाहेब देसाई राज्याचे गृहमंत्री. नातू २००४ ला पाटणमधून आमदार, २००९ ला पराभूत आणि २०१४ पासून सलग तीनदा विजयी. मधे गृह राज्यमंत्री, मग उत्पादन शुल्क मंत्री. साताऱ्याचा माणूस या खात्याला शोभतोही. तिथे अपशिंगे गाव नावापुढे 'मिलिटरी' लावतं आणि १९६१ ची सैनिक शाळा आहे. तिथे फौजी म्हणजे मतदार. काम अडलं तर ते आमदाराच्या दारात जाऊन विचारतात.

आता आमची आष्टी बघा. १६ ऑगस्ट १९४२ च्या हुतात्म्यांमुळे लोक गावाला 'आष्टी शहीद' म्हणतात. पण फौजेत जाणारे साताऱ्याच्या मानाने थोडे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वर्ध्याला. एका सहीसाठी आर्वीवरून एसटीने जा-ये, म्हणजे अख्खा दिवस गेला. माणसं थोडी, म्हणून आवाजही थोडा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्राम कोपऱ्यातल्या केसवर तपासतो. नेहमीच्या केसवर तो चालतोच हो! मंत्र्यालाही हीच कसोटी लावावी. पाटणमध्ये नाही, आष्टीत.

कुणी म्हणेल, पेन्शन केंद्र देतं, राज्याच्या हातात काय? बरंच आहे. सरकारी नोकऱ्यांत १५ टक्के आरक्षण आहे. २०२० मध्ये माजी सैनिकांना घरपट्टी माफ झाली. मेस्को हे राज्याचं महामंडळ माजी सैनिकांना सुरक्षा रक्षकाचं काम मिळवून देतं. पण साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर चाळिशीच्या आत घरी येतो. वायरलेस सेट सांभाळलेला माणूस आपल्या ऑफिसच्या गेटवर आपलं आयकार्ड बघत उभा राहतो, याला 'कल्याण' म्हणायचं का?

आणि पुढे अग्निवीर आहेत. २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के फौजेत राहणार. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे हे खातं ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या यादीतच ही पोरं नाहीत.

अमेरिकेत १९८९ साली या खात्याला कॅबिनेट दर्जा मिळाला. पहिले मंत्री एडवर्ड डर्विन्स्की, तेही २४ वर्षं संसदेत निवडून गेलेले. फरक एवढाच, की त्यांच्याकडे दुसरं खातं नव्हतं.

आपल्याकडे स्वतंत्र मंत्री लगेच मिळेल असं मला वाटत नाही. निदान दोन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस सैनिक कार्यालयाचा माणूस बसावा. आणि परतणाऱ्या अग्निवीरांना राज्याच्या योजनांत जागा मिळावी. एवढं झालं, तर देसाईंच्या नावापुढचं तिसरं खातं लोक पहिल्यांदा सांगतील.