डाव सोडावा, पण कधी?

अब्बांना मिरजेच्या दवाखान्यात दाखल केलं, त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाईलवरचे २३ डाव एका दमात सोडून दिले. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी साताऱ्याहून एका निवृत्त गुरुजींचा निरोप आला : "सगळं ठीक आहे ना? एकदम सगळे डाव सोडलेत, म्हणून विचारलं."

तक्रारीचा शब्द नव्हता. मग मी गटाचा तक्ता उघडला. गुरुजींशी माझे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, महिनाभर घासून. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला मात्र मी त्या रात्री दोन पूर्ण गुण देऊन टाकले. त्यातल्या एका डावात तर माझा घोडा जास्त होता. गुरुजी अर्ध्या गुणाने मागे राहिले. पुढच्या फेरीत एकच जाणार होता.

आपण सांगलीकर. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ आपल्या गावचं, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटेही इथल्याच. पण मंडळाच्या हॉलमध्ये समोर एकच पट असतो. दिवसाला एखादी चाल खेळायच्या ऑनलाइन स्पर्धेत तसं नसतं. गटात आठ जण, प्रत्येकाशी पांढऱ्या-काळ्याचे दोन डाव, म्हणजे १४ डाव एकाच दिवशी सुरू. अशा तीन स्पर्धांत नाव घातलं की ४२. चालीला तीन दिवसांची मुदत असली, तरी समोरचे भराभर खेळले तर रोज १४ चाली. एकेका चालीला दहा मिनिटं धरा, दोन तास वीस मिनिटं गेली. नाव नोंदवताना हा हिशोब कोण करतो? मी तरी केला नव्हता.

पोस्टकार्डावर चाली पाठवायच्या काळात हा मोह कमी असावा. कार्डाला पैसे पडत! १८२४ साली सुरू झालेला लंडन-एडिंबरा सामना १८२८ पर्यंत चालला, तोही मोजक्या डावांचा. आजही आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळ संघटनेच्या स्पर्धांत साधारण दहा चालींना ५० दिवस मिळतात, वर रजा. आजारपणासाठी वेगळी रजाही मागता येते.

हरलेला डाव वेळेत सोडणं ही सभ्यताच आहे. दोन चालींत मात दिसत असताना मुदतीचे तीनही दिवस लावणाऱ्यांचा मला राग येतो. पण जिंकत आलेला किंवा बरोबरीचा डाव सोडणं वेगळं. तो गुण तुमच्या एकट्याचा नसतो, तिसऱ्याच कुणाच्या तरी ताटातून जातो. अडचण आली तर आधी सुट्टी टाकावी, संचालकाला दोन ओळी लिहाव्यात. मला त्या रात्री सुट्टीचं बटण आठवलंच नाही; आठवलं असतं तर २३ वेळा 'सोडा' दाबण्यापेक्षा कमी वेळ लागला असता.

गुरुजींची मी माफी मागितली. त्यांनी उत्तरात नव्या डावाचं आमंत्रण धाडलं. सध्या माझे १४च डाव चालू आहेत, त्यातला एक त्यांच्याशी. वैशाखात नातीचं लग्न आहे, तेव्हा आठ दिवस सुट्टी टाकणार, हे त्यांनी आत्ताच कळवून ठेवलंय.