निवासी डॉक्टर आणि आरोग्य संशोधकांना डेटा सायन्सचे प्रत्यक्ष शिक्षण देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक.

विषय : पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी डेटा सायन्स आणि मशीन लर्निंगचा सक्तीचा, हाताने काम करून शिकण्याचा अभ्यासक्रम सुरू करण्याबाबत.

सन्माननीय कुलगुरू,

बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड परिसरात राहून आरोग्यविषयक माहितीवर काम करणारे आम्ही मराठी भाषक हे निवेदन सादर करीत आहोत. आमच्यात अभियंते आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत आणि आपल्या विद्यापीठातून पदवी घेतलेले डॉक्टरही आहेत. एक्स-रे वाचणारी, आयसीयूतील धोक्याची सूचना देणारी, नेत्रपटलाच्या छायाचित्रावरून मधुमेहाचे दुष्परिणाम हेरणारी सॉफ्टवेअर आज रुग्णालयांच्या दाराशी येऊन उभी आहेत. ती घ्यावीत की नाही, घेतली तर त्यांच्या उत्तरावर किती विसंबावे, हे अखेर डॉक्टरलाच ठरवायचे आहे. मात्र हे ठरवण्याचे शिक्षण त्याला कुठेच मिळत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : वैद्यकीय डेटातील सर्वांत घातक चुका गणिताच्या नसतात. त्या ज्याला रुग्ण, आजार आणि वॉर्ड ठाऊक आहे त्यालाच दिसू शकतात. म्हणून हे शिक्षण वैद्यकीय शिक्षणाच्या आतच द्यावे लागेल. ते अभियंत्यांवर सोपवून भागणार नाही.

याचा एक बोलका दाखला व्हाइटफील्डशीच जोडलेला आहे. २००२ साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्स ही संस्था येथील इंटरनॅशनल टेक पार्कमध्ये आहे. जीवशास्त्रज्ञ आणि संगणकाचे जाणकार तिथे एकत्र काम करतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर या संस्थेच्या संशोधकांनी मानवी प्रथिनांचा पहिला कच्चा नकाशा तयार केला आणि २०१४ मध्ये तो ‘नेचर’ने छापला. ३० प्रकारच्या ऊती व पेशी तपासून १७,२९४ जनुकांची प्रथिने त्यात नोंदवली होती. भारतातील तरुण संशोधकांच्या हातून एवढे मोठे काम झाले, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. त्याच अंकात जर्मन गटाचा असाच दुसरा नकाशा होता. काही महिन्यांतच स्पेनमधील शास्त्रज्ञांनी दोन्ही नकाशांवर गंभीर आक्षेप घेतला. वास ओळखणारी रिसेप्टर प्रथिने दोन्हींत सापडल्याची नोंद होती. पण नाकाची ऊती तर कोणीच तपासली नव्हती! म्हणजे खोट्या नोंदी रोखणारी संख्याशास्त्रीय चाळणी पुरेशी बारीक नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. या वादाने त्या कामाचे मोल संपत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, शंका ज्या प्रश्नातून उभी राहिली तो प्रश्न शरीरशास्त्राचा होता आणि ती सिद्ध करायला संख्याशास्त्र लागले. दोन्ही एकाच डोक्यात असल्याशिवाय अशी शंका सहसा येतच नाही.

जिथे हा संगम नव्हता तिथे काय झाले, हे कोविडच्या काळात दिसले. छातीच्या एक्स-रे व सीटी स्कॅनवरून कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांचे शेकडो शोधनिबंध आले. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्यांतून निवडलेले ६२ निबंध बारकाईने तपासले. रुग्णसेवेत वापरण्याजोगे एकही मॉडेल त्यांना आढळले नाही. काहींनी कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे वापरले होते आणि कोविडचे रुग्ण मात्र प्रौढ होते. यंत्र शिकले ते मूल आणि मोठा माणूस यांतला फरक. मुलाच्या छातीचा एक्स-रे कोणताही निवासी डॉक्टर एका नजरेत ओळखतो. तो त्या कामात असता आणि त्याला विचारायचे काय हे कळत असते, तर हा घोळ पहिल्याच दिवशी थांबला असता. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत बसवलेल्या सेप्सिसची पूर्वसूचना देणाऱ्या मॉडेलची मिशिगन विद्यापीठाने २०२१ मध्ये स्वतंत्र तपासणी केली, तेव्हा सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्यातून निसटलेले आढळले. अशा मॉडेलांत आणखी एक सापळा असतो : डॉक्टर काळजी वाटली तरच काही तपासण्या मागवतो. त्यामुळे तपासणी मागवली गेली ही नोंदही त्याच्या शंकेचीच खूण असते, आणि यंत्र कधीकधी नेमकी तीच खूण त्याला भाकीत म्हणून परत देते. हे कळायला वॉर्डात रात्रपाळी केलेला माणूसच हवा.

महाराष्ट्रात हा धोका अधिक आहे, कारण आपले रुग्ण वेगळे आहेत. नंदुरबार, गडचिरोली, अमरावतीच्या मेळघाटात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीचा आकडा खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसू शकतो. या आकड्यावर शिकलेले मधुमेहाचे मॉडेल तिथे लावले, तर खरा मधुमेही ‘ठीक’ ठरेल. बेंगळुरूत बसलेल्या अभियंत्याला हे सुचणार नाही. नंदुरबारमधील धडगावच्या डॉक्टरला सुचेल, पण तो प्रश्न मॉडेलपर्यंत पोहोचवायचा कसा, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. साधे अंकगणितही इथे किती निर्णायक ठरते ते पाहावे. आजार असलेल्या शंभरांपैकी ९० जणांना पकडणारे आणि निरोगी शंभरांपैकी ९० जणांना निरोगी ठरवणारे सॉफ्टवेअर घ्या. शिबिरात १०,००० लोक आले आणि त्यांत १०० आजारी असले, तर ते १,०८० जणांना आजारी म्हणेल; त्यांतले खरे आजारी फक्त ९०. तेच सॉफ्टवेअर पाचातला एक रुग्ण आजारी असलेल्या ओपीडीत लावले, तर त्याच्या दर दहा इशाऱ्यांपैकी जवळपास सात खरे ठरतील. यंत्र बदललेले नाही, समोरची माणसे बदलली. जाहिरातीतील ‘९० टक्के अचूक’ या शब्दांमागे एवढे दडलेले असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जैववैद्यक संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आधीच सक्तीचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लागू केलेला आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने बनवलेला तो अभ्यासक्रम चांगला आहे. अभ्यासाची रचना कशी करावी, नमुना किती घ्यावा, हे तो नीट शिकवतो. पण व्याख्यान ऐकून आणि पर्यायी प्रश्न सोडवून डेटाला हात लावता येत नाही. एक्सेलसारखे रोजचे साधनही दगा देते : मार्च१, सेप्ट२ अशा नावांची जनुके ते तारखांमध्ये बदलून टाकते. २०१६ च्या एका पाहणीत जनुकांच्या यादीची एक्सेल फाइल जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली आणि अखेर २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावे बदलावी लागली. दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या ओझ्याचा. तो खोटा नाही. निवासी डॉक्टरला झोपेलाही वेळ पुरत नाही. पण प्रबंध त्याला लिहावाच लागतो, आणि आज त्यातले विश्लेषण बहुधा बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घेतले जाते. तो वेळ आणि पैसा शिकण्याकडे वळवावा, एवढेच आम्ही मागतो. तिसरा आक्षेप नवा आहे : आता कोड यंत्रच लिहून देते, मग शिकायचे कशाला? कोड लिहिणे सोपे झाले हे खरे, पण म्हणूनच चुकीचा कोडही पूर्वीपेक्षा सहज मिळतो. एकाच रुग्णाच्या दोन नोंदी शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन्ही गटांत गेल्या, तर मॉडेल खोटेच हुशार दिसते. हे ओळखणारा माणूस लागणारच.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. छोट्या गावातील दुर्मिळ आजाराचा रुग्ण नाव पुसले तरी वय, गाव आणि दाखल झाल्याची तारीख यांवरून ओळखता येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि त्याच वर्षीचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यांचे भान ठेवून ओळख कशी पुसायची, हाच अभ्यासक्रमाचा पहिला धडा असला पाहिजे. आज केस पेपरांचे फोटो आणि रुग्णांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात. शिक्षणाने तो धोका वाढणार नाही, कमीच होईल.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी, सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा सादर होण्यापूर्वी, सहा पूर्ण दिवसांची कार्यशाळा सक्तीची करावी. ती तीन-तीन दिवसांच्या दोन टप्प्यांत घ्यावी आणि त्या काळात वॉर्डाच्या ड्यूटीतून लेखी सूट द्यावी. ही सूट नसेल तर बाकी सारे कागदावरच राहील. सुरुवात मशीन लर्निंगने करू नये. तक्ता नीट भरणे, रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक, आलेख काढणे, मग साधे मॉडेल, आणि शेवटी छापून आलेल्या एखाद्या मॉडेलची चिकित्सा, असा क्रम असावा. ‘द कार्पेंट्रीज’ ही संस्था जगभरच्या संशोधकांना ज्या पद्धतीने शिकवते, म्हणजे शिक्षक कोड लिहीत जातो आणि प्रत्येक जण सोबत लिहितो, ती पद्धत येथे योग्य ठरेल. परीक्षा पर्यायी प्रश्नांची नको. विद्यार्थ्याला एक सदोष तक्ता द्यावा आणि दोष शोधायला सांगावे. आयुर्वेद, दंतवैद्यक आणि परिचर्या शाखांनाही हे लागू व्हावे. परिचारिकांसाठी, तसेच मूळ नोंदी करणाऱ्या आरोग्यसेविकांसाठी हे साहित्य मराठीत असावे.

प्रबंधासोबत ओळख पुसलेला तक्ता, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी टिपणी आणि विश्लेषणाचा कोड जमा करणेही विद्यापीठाने बंधनकारक करावे. दरवर्षी विद्यापीठाकडे येणाऱ्या प्रबंधांतली माहिती कपाटात बंद होते, ती पुढच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल. शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. प्रत्येक महाविद्यालयातून रुग्ण तपासणारा एक शिक्षक आणि रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र (पीएसएम) विभागातील संख्याशास्त्राचा एक जाणकार, अशी जोडी तयार करावी. त्यांच्या प्रशिक्षणासाठी आयआयटी मुंबईचे कोइटा डिजिटल आरोग्य केंद्र आणि पुण्याचे सी-डॅक यांच्याशी करार करावा. पहिल्या कार्यशाळा मुंबई-पुण्यात न घेता धुळे, नंदुरबार आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत घ्याव्यात, म्हणजे कमी सोयींत काय जमते ते आधीच कळेल. या पहिल्या वर्षात शिकवण्यासाठी आमच्यापैकी जे तयार आहेत ते मानधन न घेता, स्वखर्चाने येतील.

हा विषय विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीपुढे ठेवावा, आम्हाला म्हणणे मांडण्यास वेळ द्यावा, आणि जो निर्णय होईल तो कारणांसह लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
व्हाइटफील्ड, बेंगळुरू येथील निवेदनकर्ते