चोरी कसली?

अमेरिकेत असलेला माझा भाचा परवा मला बेसबॉल समजावून देत होता. चेंडू टाकला जात असताना धावपटूने पुढच्या तळाकडे धूम ठोकली आणि सुखरूप पोहोचला, की त्याच्या नावावर एक ‘चोरी’ लागते. रिकी हेंडरसन नावाच्या गृहस्थांनी १९८२ च्या एका हंगामात अशा १३० चोऱ्या केल्या!

पण गुणलेखकाचे कायदे मोठे विलक्षण. दोघे एकदम पळाले आणि त्यांतला एक बाद झाला, तर दुसऱ्यालाही चोरीचे श्रेय नाही. १८९८ पूर्वी तर सोबत्याच्या फटक्यावर एक तळ अधिक गाठला, तरी ती चोरीच धरीत. आणि सर्वांत गमतीचा कायदा असा : सामना खिशात आहे म्हणून समोरच्यांनी अडविण्याची तसदीच घेतली नाही, तर तळ धावपटूचा, पण वहीत चोरी मांडायची नाही!

“हा अन्याय आहे!” मी म्हणालो. “बिचारा जीव तोडून पळाला ना?”

“पण मामा, त्यांनीच जाऊ दिले की! मग चोरी कसली?”

मी गप्प झालो. लहानपणी दिवाळीत आई पाठमोरी बसून वाती वळीत असताना डब्यातले बेसनलाडू मी किती शिताफीने पळवीत असे! ते पराक्रम मी आजवर वर्गातसुद्धा रंगवून सांगत आलो. आता आठवते, एरवी वरच्या फळीवर असणारा तो डबा दिवाळीतच तेवढा खालच्या फळीवर येई.

आई आता नाही. माझ्या नावावरच्या साऱ्या चोऱ्या मी यंदा खोडून टाकल्या. लाडू तेवढे माझे राहिले.