प्रयोगाविना भौतिकशास्त्र

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेणारी मुले ढोबळमानाने दोन वाटांनी येतात. काहींना जेईई, नीट किंवा सीईटीत हवे ते मिळालेले नसते. काहींना कृष्णविवरांनी ओढून आणलेले असते. पहिल्यांना कमी लेखायचे कारण नाही, त्यांतलेही कित्येक पुढे विषयात रमतात. काळजी वाटते ती दोघांचीही, कारण त्यांच्या हाती पडणारी पदवी बऱ्याच ठिकाणी आतून पोकळ होत चालली आहे.

हा पोकळपणा पाहायचा तर प्रयोगशाळेत जावे. स्पेक्ट्रोमीटरचाच प्रयोग घ्या. सोडियमचा दिवा आधी लालसर पेटतो, पिवळा प्रकाश स्थिरावायला काही मिनिटे जातात. मग कोलिमेटर आणि दुर्बीण जुळवायची, प्रिझम हलक्या हाताने फिरवायचा. प्रिझम त्याच दिशेने फिरत असतानाही सरकणारी रेषा एका जागी थबकते आणि मागे वळते. ती न्यूनतम विचलनाची जागा. तिथे व्हर्नियर वाचायचा. हे हाताला जमायला वेळ लागतो, एकट्याने करावे लागते. प्रत्यक्षात एका उपकरणाभोवती घोळका असतो. एक जण रीडिंग घेतो, बाकीचे उतरवतात, नाहीतर मागच्या वर्षीचे जर्नल समोर ठेवले जाते. लोलकाच्या प्रयोगात साऱ्या वर्गाचे गुरुत्वत्वरण ९८० च्या जवळ येते. उत्तर चुकले तर चूक दोऱ्याच्या लांबीत होती की वेळ मोजण्यात, हे शोधणे हाच प्रयोगाचा गाभा आहे, आणि नेमका तोच गळून पडतो.

याची सुरुवात अकरावी-बारावीतच होते. क्लासशी ‘टाय-अप’ असलेल्या कॉलेजांत नाव घालून दोन वर्षे फक्त एमसीक्यू सोडवलेली मुले थेट पदवीला येतात. तिथे शिकवणारे अनेकदा तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हे ज्याला माहीत नाही, त्या प्राध्यापकाने प्रयोगशाळा उभी कशी करायची?

भौतिकशास्त्रात करिअर नाही, हे मात्र खरे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून एम.एस्सी. झालेल्यांना घेते. एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला, की कर्करोग रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट होता येते. रुग्णाला द्यायच्या किरणांच्या मात्रेचा हिशेब तोच पाहतो. खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्या चालवायला इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक जाणणारी माणसे लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिथे प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजायची आहे. मोजमापातली चूक ओळखण्याची सवय नसलेल्याला या कामात जागा नाही. डेटा सायन्स किंवा सॉफ्टवेअरकडे वळणाऱ्यालाही गणित आणि प्रोग्रॅमिंग लागतेच. ते नसेल तर मुलाखतीत पदवीचे नाव पुरत नाही.

अध्यापनाबद्दल तर स्पष्टच बोलायला हवे. नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले कितीतरी जण आज तासिकांवर राबत आहेत. एम.एस्सी. करून कुठेतरी प्राध्यापक होऊ, हा हिशेब आता धरू नये. संशोधनाची वाट खुली आहे, पण लांब आहे: पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे, पुढे पोस्टडॉक, तेही बहुधा घरापासून दूर. कनिष्ठ संशोधक फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. तिच्यावर घर चालवायची वेळ येणार असेल तर घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी मुलाबरोबर त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा एकदा पाहून यावी. एका उपकरणावर किती मुले बसतात, पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, हे विचारायला संकोच करू नये. विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून गणित सोडू नये, पायथन शिकावे, आणि स्वतः न घेतलेले एकही रीडिंग जर्नलमध्ये लिहू नये. शासनाने प्राध्यापकांच्या रिक्त जागा पूर्णवेळ भरल्या पाहिजेत, आणि त्यासाठी विद्यार्थी-पालकांनीही आवाज उठवला पाहिजे.