व्यासपीठावर कोण असावे?

राजधानीला लागून असलेली नॉयडा आणि गुरुग्राम ही नगरे आज संगणक उद्योगाची मोठी केंद्रे आहेत. आज्ञावली-निर्मितीच्या 'अजाइल' पद्धतीवर या परिसरात परिषदा भरतात. 'अजाइल एनसीआर' या परिषदेने तर प्रदेशाचेच नाव घेतले होते. अशा परिषदेत 'वापरकर्त्याचा अनुभव' हा विषय असेल, तेव्हा वक्ते कसे निवडावेत, हा प्रश्न वरवर आयोजकांपुरता वाटतो. तसा तो नाही. एटीएमच्या पडद्यासमोर चष्मा पुसत उभ्या राहिलेल्या निवृत्तिवेतनधारकाचाही त्याच्याशी संबंध आहे.

अजाइल म्हणजे चपळ. वर्षभर खपून संपूर्ण प्रणाली एकदम हाती देण्याऐवजी काही आठवड्यांच्या टप्प्यांत थोडेथोडे काम पुरे करावे, दाखवावे व सुधारावे, अशी ही रीत. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला. ते आज्ञावली-निर्मितीतले जाणकार होते. पडद्याची मांडणी हेच ज्याचे काम, असा संरचनाकार त्यांच्यात नव्हता. ग्राहकाशी सहकार्य हे जाहीरनाम्यातील एक मूल्य आहे खरे. परंतु काम सोपविणारा ग्राहक वेगळा आणि प्रत्यक्ष कळ दाबणारा मनुष्य वेगळा.

ही उणीव भरून काढणारा विचार प्रत्यक्ष कामातून आला. टोरोंटो येथील एलियस या कंपनीत संरचनाकार आज्ञावलीकारांच्या एक टप्पा पुढे चालत: पुढच्या टप्प्याचा आराखडा करीत आणि मागच्या टप्प्यात तयार झालेले काम वापरकर्त्यांकडून तपासून घेत. लिन मिलर यांनी २००५ च्या अजाइल परिषदेत आणि डेझिरे सी यांनी २००७ च्या निबंधात ही रीत मांडली. दोघीही त्याच कामात गुंतलेल्या होत्या.

नेमका असाच वक्ता निवडीत मागे पडण्याचा धोका असतो. पदनाम मोठे असले की प्रस्ताव न वाचताच पसंत पडतो, आणि प्रायोजकाला देणगीच्या बदल्यात तासभर वेळ मिळतो. प्रायोजकाविना सभागृहाचे भाडे निघत नाही, हे मान्य. त्याला दालन द्यावे, फलक द्यावा, भोजनाचे यजमानपदही द्यावे. व्यासपीठ मात्र विकू नये; विकलेच, तर कार्यक्रमपत्रिकेत तसे स्पष्ट छापावे.

निवड समितीने नावे झाकून प्रस्ताव वाचावेत आणि प्रत्येकात एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: वापरकर्ता कोठे अडखळला, आणि ते पाहून संघाने कोणता निर्णय बदलला? त्यासाठी मोठा खर्च लागतो, ही सबब टिकत नाही. पाच जणांकडून चाचणी करून घेतली तरी बहुतेक अडचणी उघड होतात, असे जेकब नील्सन यांनी २००० मध्येच मांडले होते. नावे झाकली तर नामवंत येणार नाहीत, हा आक्षेप अर्धा खरा आहे. एखादे बीजभाषण नावावर द्यावे; बाकीची कामावर. वक्तृत्वाची परीक्षा मात्र कागदावर होत नाही, म्हणून दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण मागवावे.

आणखी एक अडचण अशी, की वापरकर्त्यांत वावरणाऱ्यांना प्रस्ताव पाठविण्याची सवय नसते. त्यांच्याकडे समितीनेच जावे. आयआयटी मुंबईतील प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने २०१३ मध्ये 'स्वरचक्र' हा मराठीसह भारतीय भाषांचा कळफलक उपलब्ध केला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडीतील रूपे भोवती चक्राकार उमटतात. मोबाइलवर मराठी लिहिताना माणसे कोठे थबकतात, हे पाहिल्याशिवाय अशी रचना सुचणे कठीण. मानव-संगणक संवादावरील 'इंडिया एचसीआय' परिषद २०१४ मध्ये दिल्लीतच भरली होती. तेथे निबंध वाचणाऱ्यांना उद्योगाच्या परिषदेत आवर्जून बोलवावयास हवे. सारा कार्यक्रम इंग्रजीतच चालावा, हा आग्रहही सोडावा. बँकेच्या खिडकीवर बसणारा लिपिक 'साहेब, आता कोणते बटण दाबू?' या प्रश्नाला दिवसभर उत्तर देत असतो. त्याला हिंदीत अर्धा तास बोलू द्यावे, शेजारी दुभाषी बसवावा, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यांना पहिल्या रांगेत जागा राखून ठेवावी.